खाली कोण बघतंय

१ सप्टेंबर, रविवार. संध्याकाळ

आज उभा राहिलो. सगळ्यांसमोर.

चर्चच्या छताला टांगलेलं जुनं जहाज, हातभर लांबीचं लाकडी मॉडेल, गेलं. लाकडाला भुंगा लागला होता. ओव्ह, आमच्या चर्चचा राखणदार, लांब दांड्याच्या झाडूने छताची जळमटं काढत होता, दांडा लागला आणि तिन्ही डोलकाठ्या खाली. एक थेट पाद्रीणबाईंच्या खांद्यावर. आता नवीन हवं. छताला जहाज नसलेलं चर्च आमच्या बेटावर कुणी चर्च म्हणून मोजतच नाही.

प्रार्थनेनंतर कॉफी, कॉफीबरोबर मीटिंग. बोडिल म्हणाली (किराणा दुकान तिचं, चर्चच्या कमिटीची अध्यक्षही तीच) की या वेळी ते तोफाबिफावालं शाही जहाज नको, ट्रोल्सच्या ‘गुडरुन’ बोटीचं मॉडेल टांगू. सगळ्यांनी माना डोलावल्या. ट्रोल्स माझा मोठा भाऊ. तीन वर्षांपूर्वी नोव्हेंबरच्या वादळात मासेमारीला गेला. तोही परत आला नाही, बोटही नाही. बोटीला त्याने आईचं नाव दिलं होतं. गुडरुन. बोडिल म्हणाली, हिला पोराची कबर नाही मिळाली, निदान मान वर केली की बोट तरी दिसू दे. मग म्हणाली, स्वेनबोर्गला एक कारागीर आहे, त्याला ऑर्डर देऊ.

तेव्हा मी उभा राहिलो. म्हटलं, मी बनवतो. किट मिळतं. ॲडव्हेंटच्या, म्हणजे नाताळआधीच्या चार रविवारांपैकी, पहिल्या रविवारी टांगू.

कुणीतरी बिस्किट चावलं ते ऐकू आलं. बोडिल म्हणाली, अरे पण तू आजवर बनवलंयस काय, ऑम्लेट सोडून? ओव्ह म्हणाला, ऑम्लेट कधी बनवलं याने? मी शांतपणे सांगितलं की किटचं पुस्तक इंग्लिशमध्ये असतं आणि या बेटावर हायस्कूल इंग्लिशमध्ये केलेला मी एकटा. (कोपनहेगनला, आत्याकडे राहून.) आई स्वतःच्या हातांकडे बघत होती. भारावली असणार.

शिवाय जुनं जहाज माझ्याएवढं बघितलंय कुणी? लहानपणी मी कॉयरमध्ये. कॉयर वर माळ्यावर, ऑर्गनच्या बाजूला. जहाज बरोब्बर डोळ्यांसमोर. डेक, तोफा, दोऱ्या, सगळं पाठ. ट्रोल्स खाली आईजवळ बसायचा, कारण त्याला गाता येत नव्हतं. त्याला न येणारी ती एकच गोष्ट.

संकल्प: रोज दोन तास. ट्रोल्सशी तुलना नाही.

६ सप्टेंबर, शुक्रवार

किट आलं. फेरीबोटीवरच्या माणसाने खोकं उतरवताना विचारलं, यात काय, दुसरा आस्गेर? आस्गेर म्हणजे मी. हसलो नाही. तिकीट फाडणाऱ्यांच्या विनोदावर हसलं की ते रोज करतात.

काम ट्रोल्सच्या जाळ्यांच्या खोलीत. धक्क्यावर आहे, शांत आहे. आईने किल्ली ॲप्रनच्या खिशातून काढली. म्हणजे रोज बरोबर घेऊन फिरते की काय? विचारलं नाही. खोलीत अजून डांबराचा आणि त्याच्या त्या घाणेरड्या तंबाखूचा वास. खिडकी उघडी ठेवली.

पुस्तक जाड आहे. पहिली बारा पानं ‘सुरुवात करण्यापूर्वी’. ती सोडली. सुरुवात तर झालेलीच आहे.

नियम: आत कुणी यायचं नाही. आईसुद्धा. सरप्राइज.

८ सप्टेंबर, रविवार

चर्चला गेलो नाही. चर्चचंच काम करतोय, म्हणजे हजेरी लागलीच.

कणा आणि फासळ्या जोडल्या. कणा म्हणजे बोटीच्या तळाचं लांब लाकूड, त्यावर बाकी सगळं उभं राहतं. पुस्तकात म्हणे तो फळीला घट्ट बांधून रात्रभर ठेवायचा. बांधायला काही नव्हतं म्हणून वर ट्रोल्सचे बूट ठेवले. एक बूट घसरला. कणा थोडा वाकलाय. पुढून खाली. पण लाकूड ही नैसर्गिक गोष्ट आहे. आईचीही पाठ वाकलीच आहे, चालतेच ना.

१५ सप्टेंबर, रविवार

आता बोटीला कातडं चढवायचं. पातळ लाकडी पट्ट्या, पाण्यात उकळून मऊ करायच्या आणि फासळ्यांवर वाकवायच्या. आईचं बटाट्याचं पातेलं घेतलं. संध्याकाळी आई म्हणाली, बटाट्यांना कपाटाची चव का येतेय? मी म्हटलं, जात बदलली असेल.

पट्ट्या मोडतात. दोष लाकडाचा. बेसिकली हे लोक बिगिनर किट म्हणून उरलेलं लाकूड खपवतात.

अंगठा आणि पाचवी फासळी सुपरग्लूने चिकटली. अर्धा तास बोटीबरोबर बसून होतो. विचार करायला चांगला वेळ मिळाला. अंगठ्याचं कातडं थोडं बोटीलाच राहिलं. म्हणजे आता बोटीत माझं रक्त आहे. ट्रोल्सने त्याची बोट विकत घेतली होती. तयार.

२२ सप्टेंबर, रविवार

मोठा शोध. लिहून ठेवतो, पुढेमागे कुणाला तरी शिकवता येईल.

पट्ट्या वरून लावत आलो की वर सगळं सुंदर बसतं आणि फटी खाली खाली सरकत जातात. दोन दिवस या फटींनी माझी झोप उडवली. आज डोक्यात प्रकाश पडला. फटी खाली सरकतायत तर सरकू देत! वरचं परफेक्ट पाहिजे. वर डेक, वर केबिन, वर माणसाची नजर. तळ म्हणजे घराचं तळघर. तिथे कोण बघतंय?

आता सिस्टम बसली. चूक झाली की खाली ढकलायची.

प्रचंड हलकं वाटलं. बाहेर धक्क्यावर उभं राहून एक अख्खं सफरचंद खाल्लं.

२९ सप्टेंबर, रविवार

पट्ट्या संपल्या. पुस्तकात (पान ३) लिहिलंय की मोडल्यास जास्तीच्या मिळणार नाहीत. हे पान ३ वर लिहितात का?

तळाला बोटभर रुंद जागा उघडी राहिली. दोन आइस्क्रीमच्या काड्या, एका ठिकाणी कॉफीच्या पाकिटाचा पुठ्ठा. वर पुट्टी. पुट्टी जरा जास्तच झाली, तळाला पोट आल्यासारखं दिसतंय. पोट असलेली बोट स्थिर असते.

बोडिल येऊन गेली. दार उघडलं नाही, तर खिडकीला नाक लावून उभी. मी बोटीवर टॉवेल टाकला. ती काचेतून ओरडली की अरे आस्गेर, नुसतं बघायचंय, खात नाहीये मी तिला! मी म्हटलं, ॲडव्हेंटला बघ. तिने विचारलं, मदत नको का कुणाची? ओव्हला हात आहे लाकडाचा. मी म्हटलं, ओव्हच्या झाडूमुळेच ही वेळ आलीये. ती म्हणाली, ट्रोल्स असाच हट्टी होता. मग जरा थांबून म्हणाली, पण त्याचं निदान दार उघडं असायचं.

तिच्या दुकानातलं ब्रेडवर लावायचं लिव्हर पेस्ट आजपासून बंद. बेटावर दुसरं दुकान नाही. तरी बंद.

६ ऑक्टोबर, रविवार

आठवडाभर काम नाही. कारणं: हवा दमट, पुट्टी वाळत नाही, उजेड कमी. शिवाय रिसर्च. इंटरनेटवर लोकांच्या बोटी बघितल्या. एका जपानी माणसाने डेकवर तांदळाएवढे मासे बनवलेत. त्याच्या बोटीच्या तळाचा एकही फोटो नाही. बघा.

१० ऑक्टोबर, गुरुवार

लिव्हर पेस्ट आणलं.

१३ ऑक्टोबर, रविवार

आता खरा मी.

डेक सुरू केलं आणि हात आपोआप चालायला लागले. जाळं ओढायचा विंच बनवला, फिरतो. माशांची खोकी, एकेक काडी कापून. दोरीचं वेटोळं शिवणाच्या दोऱ्याचं, त्याला कॉफी लावून जुनं केलं. पुस्तक बंद करून ठेवलं. ‘गुडरुन’ माझ्या डोळ्यांसमोर आहे. कुठे काय पडलेलं असायचं ते मला माहीत आहे. पिवळी बादली डाव्या हाताला. केबिनच्या दारावर त्याचा तो लाल स्वेटर, वाळत घातलेला, कधीच न वाळलेला.

सगळ्यात शेवटी कप. दारातल्या उलट्या खोक्यावर. एक मणी फोडून, घासून केला. पांढरा, वर निळी रेघ, कानाचा तुकडा उडालेला. ट्रोल्सचा कप तसाच होता, फेकू द्यायचा नाही कुणाला. आई म्हणायची, भिकाऱ्यासारखा पितोस. तो म्हणायचा, गुडरुन, तू ओत, मी पितो. आईला नावाने हाक मारायचा. तिला ते आवडायचं. मी एकदा मारून बघितली होती. म्हणाली, चावटपणा करू नकोस.

कपाचा कान करायला तीन दिवस लागले. झाला तेव्हा मी खुर्चीत बराच वेळ नुसता बसलो. धूळ गेली असावी डोळ्यांत. खोली झाडायला हवी.

ही एक नंबर गोष्ट झालीये. कुणीही बघितलं तरी म्हणेल.

२० ऑक्टोबर, रविवार

आई आली. दुपारी, चर्चहून थेट. हातात डबा, राय ब्रेड आणि हेरिंग मासा. कमरेचं ऑपरेशन झाल्यापासून ती धक्क्याच्या पायऱ्या टाळते, आज उतरून आली. मी बोटीवर चादर टाकली. दारातच उभा राहिलो.

म्हणाली, एकदा बघू दे की. मी म्हटलं, सरप्राइज आहे. म्हणाली, अरे, मी काय लहान आहे का सरप्राइजला? मला नुसता हात लावून बघायचाय. मी म्हटलं, रंग ओला आहे. (ओला नव्हता. पण तत्त्वाचा प्रश्न.) मग म्हणाली, शहाण्या, एकदा ती वर गेली की माझ्या हाताला कशी येणार?

मी म्हटलं, आई, म्हणूनच तर. एकदम बघितलीस की इफेक्ट येईल.

तिने खोलीत नजर टाकली. भिंतीवर त्याचा ऑइलस्किनचा रेनकोट अजून आहे. मग डबा पायरीवर ठेवून गेली. वर चढताना दोनदा थांबली.

आईला सरप्राइज ही कन्सेप्टच कळत नाही. पण त्या दिवशी तिचा चेहरा बघण्यासारखा असेल. तो कप बघितल्यावर.

हेरिंग चांगलं होतं.

२७ ऑक्टोबर, रविवार

रंग. वर निळा, पाण्याच्या रेषेखाली लाल. लालचे दोन हात दिले. पुट्टी, काड्या, पुठ्ठा, सगळं झाकलं. जवळजवळ झाकलं. काडीवरची अक्षरं थोडी वर आलीत. खाली आहेत, राहू देत.

आता मागच्या बाजूला ‘गुडरुन’ लिहायचंय. हात बसायला पाहिजे, म्हणून आधी सराव. कागदावरचा सराव काय कामाचा, लाकडावर ब्रश वेगळा चालतो. म्हणून बोट उलटी करून तळावरच सराव केला. पांढऱ्या रंगाने. काय लिहू? हाताला सवयीचं म्हणून आपलंच नाव लिहिलं.

आस्गेर. ठसठशीत. नाकापासून शेपटीपर्यंत.

इतकं सुंदर आलं की मीच बघत राहिलो. अक्षर सरळ, कडा धारदार. अख्ख्या तळावर सुंदर अशी हीच एक गोष्ट. उद्या वरून लाल मारून टाकतो.

२८ ऑक्टोबर, सोमवार

लाल संपत आलाय. उद्या बघू.

३ नोव्हेंबर, रविवार

दुकानात गेलो, पॉलिश पेपर आणायला. रांगेत चौघं होती. चौघांनी विचारलं, ट्रोल्सची बोट कुठवर आली? ट्रोल्सची बोट. एकीने माझा दंड दाबला आणि म्हणाली, तुझ्या भावासाठी किती करतोयस. भावाने काय केलं? भाऊ तर मजेत... म्हणजे मजेत नाही. पण काड्या कोण कापतंय? अंगठा कुणाचा सोलला? चर्चच्या पुस्तकात नोंद होईल ट्रोल्सच्या आठवणीत. बोटीच्या पाठीवर नाव आईचं. पाद्रीणबाई प्रार्थनेत दोघांची नावं घेतील. आणि मी माळ्यावर.

पूर्वीसारखाच.

मला काही नको आहे. खरंच. पण एक लहानशी जागा, जिथे कुणी बघणार नाही, फक्त मला आणि देवाला माहीत. जुने कारागीर असंच करायचे, मी कुठेतरी ऐकलंय. ही तर नम्रता झाली.

निर्णय: तळावरचं नाव राहणार. लाल रंग वाया घालवायचा नाही.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

काल ट्रोल्स गेला ती तारीख होती. आई दरवर्षी थर्मास घेऊन धक्क्याच्या टोकाला जाते, दोन कप ओतते, एक समुद्रात. मी गेलो नाही. व्हार्निश मारलं होतं, धूळ बसू नये म्हणून कुणीतरी थांबायला हवं होतं. खिडकीतून दिसत होती. ओव्ह तिच्याबरोबर होता, तिच्या मागे वारा अडवून उभा.

तिने खिडकीकडे बघितलं. मी हात केला. काचेत ऊन असेल, तिला दिसलं नसेल.

ऊन नव्हतं.

१७ नोव्हेंबर, रविवार

‘गुडरुन’ लिहिलं. मागच्या बाजूला जागा चिंचोळी, हात थकलेला, पांढरा रंग दाट झालेला. पहिलं अक्षर फिसकटलं, पुसलं, निळा खरवडला, परत लिहिलं. बारीक आलंय. लांबून ठिपक्यांसारखं दिसतं. पण ती बोट कुणाची हे बेटावर कुणाला सांगायला लागतंय?

२४ नोव्हेंबर, रविवार

संपली. दोऱ्या बांधल्या, झेंडा लावला. दोन दोऱ्या कुठे जातात ते शेवटपर्यंत कळलं नाही, त्या कापल्या.

टेबलावर ठेवून खुर्चीवर चढलो आणि वरून बघितली. माळ्यावरून दिसेल तशी. विंच, खोकी, बादली, स्वेटर, कप. आत्ता जाळं टाकून कुणीतरी केबिनमध्ये गेलंय आणि येईलच बाहेर, अशी.

ट्रोल्सने बघितली असती तर म्हणाला असता... काय म्हणाला असता माहीत नाही. म्हणाला असता, बटणा, हे तू केलंस? मला बटण म्हणायचा. इतक्यांदा रागावलो होतो त्यावरून.

भाषण लिहायला घेतलं. चार पानं. कापावं लागेल. किंवा पाद्रीणबाईंना त्यांचं प्रवचन कापायला सांगता येईल.

३० नोव्हेंबर, शनिवार

टांगली. ओव्हने स्वेनबोर्गच्या रंगाऱ्याकडून उंच घडीचा मचाण मागवला होता, आजच्या पुरता. मी बोट आईच्या चादरीत गुंडाळून नेली आणि सांगितलं, चादरीसकट टांगायची, नाक वेदीकडे. चादरीला दोरी बांधून ती माळ्यावर घेतली. उद्या मी वरून ओढणार. चादर खाली, बोट प्रकट. व्हिजन पूर्ण माझी.

ओव्ह मचाणावरून म्हणाला, नाक जड आहे, खाली जातंय. मी म्हटलं, चादरीचं वजन आहे. तो म्हणाला, चादर मागेही आहे. मग खाली उतरून, मान वर करून, म्हणाला, एकदा चादर काढून इथे उभा राहून बघ की. मी माळ्यावरून ओरडलो, सस्पेन्स जाईल! तो म्हणाला, बरं. माझं काय, मी शिडीवाला. मचाण उद्या पहिल्या फेरीने जातोय, आत्ताच काय ते बोल.

मी म्हटलं, जाऊ दे.

१ डिसेंबर, रविवार. सकाळ, माळ्यावर

गच्च भरलंय. इतके लोक नाताळलाही नसतात. आई तिसऱ्या रांगेत, तिच्या जागेवर, बरोब्बर बोटीखाली. नवीन स्कार्फ. दोरी माझ्या हातात. मनगटाला गुंडाळतोय, सोडतोय, परत गुंडाळतोय. ऑर्गनवाल्या इंगर-लिसेने विचारलं, बाथरूमला जायचंय का? मी पाठ फिरवली.

आजपासून या बेटावर माझी ओळख बदलेल.

१ डिसेंबर. संध्याकाळ

लिहितो. सगळं, क्रमाने.

ॲडव्हेंटची पहिली मेणबत्ती लागली. पाद्रीणबाईंनी ट्रोल्सचं नाव घेतलं. मला खूण केली. मी ओढलं. चादर सुटली आणि बोडिलच्या डोक्यावर पडली. ठीक आहे, ते होतं.

आणि बोट. वरून, माझ्या समोर. जशी खुर्चीवरून दिसली तशीच. खालचे सगळे चेहरे एकदम वर झाले. अशी शांतता मी त्या चर्चमध्ये कधी ऐकली नव्हती. डोळे भरून आले. मला वाटलं, हे. हेच ते.

मग खालून कुणीतरी मोठ्याने म्हणालं, आस्गेर. मला वाटलं, हाक मारली. मी कठड्यावरून वाकून हात हलवला. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. दुसरं कुणीतरी हळूच म्हणालं, आस्गेर. मग कुणीतरी खोकला. मग इंगर-लिसेने घाईघाईने ऑर्गन सुरू केला, भाषणाच्या आधीच.

मी खाली आलो. मधल्या वाटेवर उभा राहिलो, आणि आयुष्यात पहिल्यांदा खालून वर बघितलं.

खालून डेक दिसत नाही. खालून विंच, खोकी, स्वेटर काही दिसत नाही. खालून फक्त तळ दिसतो. सगळ्यांना. प्रत्येक बाकावरून. पुट्टीचं पोट, खिडकीतल्या उजेडात दोन्ही काड्या, पुठ्ठ्याचा चौकोन. नाक खाली, शेपटी वर. बुडताना असते तशी. आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत, सरळ, धारदार, पांढऱ्या रंगात, माझं नाव.

‘गुडरुन’ दाराजवळ उभं राहून मागे वळलं तर दिसतं. म्हणजे ठिपके दिसतात.

कॉफीला थांबलो. जायचं तरी कुठे? गोड आप्पे होते, गरम वाइन होती. बोडिलच्या केसांत चादरीचा धागा तसाच. ती म्हणाली, मला वाटलं होतं बोटीचं नाव गुडरुन आहे. एवढंच म्हणाली आणि मला जॅम वाढला. जास्तीचा. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी समजावून सांगितलं की तो सराव होता. जितकं सांगत गेलो तितके लोक माना डोलावत गेले, आजाऱ्यासमोर डोलावतात तशा.

ओव्हला बाजूला घेऊन विचारलं, उतरवता येईल का? म्हणाला, मचाण गेला सकाळीच. मी म्हटलं, परत मागव. म्हणाला, छताला चुना लावायचा असेल तेव्हा येतो तो. मी विचारलं, मागे कधी लावला? म्हणाला, तू माळ्यावर गात होतास तेव्हा. मग आप्पा तोंडात टाकून म्हणाला, मी सांगितलं होतं, बघ म्हणून.

आईबरोबर चालत घरी आलो. फाटकाशी ती थांबली, किल्ली शोधत म्हणाली, अक्षर चांगलं आलंय तुझं.

८ डिसेंबर, रविवार

आईला सांगितलं, माळ्यावर चल. वरून बघ एकदा, खरी बोट वर आहे. म्हणाली, तो गोल जिना आणि माझी कंबर? मी म्हटलं, उचलून नेतो. म्हणाली, तुला बटाट्याचं पोतं उचलत नाही.

मग फोटो दाखवला. माळ्यावरून काढलेला, झूम करून. बनवताना एकही काढला नव्हता, सरप्राइज फुटू नये म्हणून. फोटो जरा धूसर आहे. मी बोटाने दाखवत गेलो. हा विंच. ही पिवळी बादली. हा त्याचा स्वेटर. आणि इथे, हा कप आहे, आई, निळ्या रेघेचा, कानाचा तुकडा उडालेला, तोच.

चष्मा समोर टेबलावर होता. तिने घेतला नाही. म्हणाली, दिसलं मला. आणि ॲप्रनच्या खिशात हात घालून उभी राहिली. मला वाटलं, काही काढून देतेय. मग दुसरा हात पुढे आला तेव्हा कळलं, खोलीची किल्ली परत मागतेय.

दिली.

२२ डिसेंबर, रविवार

हल्ली माळ्यावर बसतो. इंगर-लिसेला पानं उलटायला कुणी हवंच होतं.

इथून बोट उत्तम दिसते. विंच, खोकी, दोरी. झेंडा थोडा कलला आहे. कप इथूनही दिसत नाही खरं तर. इतका बारीक आहे. तिथे आहे हे मला माहीत आहे, इतकंच.

खाली लोकांची डोकी दिसतात. आई तिसऱ्या रांगेत. प्रार्थना लांबली की माणसं कधी ना कधी मान वर करतात, थोडा वेळ बघतात, मग शेजारच्याकडे बघतात.

आई मान खाली घालून पुस्तकात बघून गाते. सगळी गाणी पाठ आहेत तिला.